जुगार आणि डे ट्रेडिंग : कायदा रेघ कुठे ओढतो?

घरातला मुलगा मोबाइलवर पैसे लावून रमी खेळतोय हे कळलं की घरात वादळ उठतं. तोच मुलगा सकाळी सव्वानऊला त्याच मोबाइलवर शेअर घेतो आणि दुपारी तीनच्या आत विकून टाकतो, तेव्हा मात्र आई शेजारणीला कौतुकाने सांगते, ‘‘आमचा ट्रेडिंग करतो.’’ महिनाअखेरीला दोन्हीकडे खात्यातले पैसे कमीच झालेले असू शकतात. मग एकाला आपण व्यसन म्हणतो आणि दुसऱ्याला कमाई, असं का?

याचं उत्तर बहुतेक जण ‘‘एक बेकायदा आहे, दुसरं कायदेशीर’’ असं देतात. उत्तर चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. कायद्याने रेघ ओढली आहे हे खरं, पण ती नेमकी कुठून जाते आणि रेघेच्या अलीकडे उभं राहिल्याने तुम्हाला काय संरक्षण मिळतं, हे माहीत नसेल तर घरातली बचत दोन्ही बाजूंनी सारखीच वाहून जाऊ शकते.

मटक्याची सुरुवातही बाजारभावातूनच

आज जुगार आणि बाजार या दोन टोकाच्या गोष्टी वाटतात. पण मुंबईचा मटका जन्मला तो बाजारभावातूनच. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होणारे भाव मुंबईत तारेने यायचे आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. त्यात कापूस कुणालाच नको होता, हवा होता तो फक्त आकडा. पुढे हे भाव येणं थांबलं तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या आणि नंतर पत्ते काढून आकडा ठरवला जाऊ लागला. म्हणून नाव पडलं मटका.

कापसाचा व्यापारी आणि आकडा लावणारा, दोघेही एकाच भावाकडे डोळे लावून बसायचे. एकाचा व्यवहार कायद्याने मानला, दुसऱ्याचा नाही. आजच्या ऑनलाइन जगातही प्रश्न तोच आहे.

जुगार कशाला म्हणायचं?

आपल्याकडे जुगाराविरुद्धचा जुना कायदा १८६७ सालचा आहे. महाराष्ट्रात १८८७ चा वेगळा कायदा आहे. राज्यघटनेनुसार जुगार आणि पैज हा राज्यांचा विषय आहे, त्यामुळे तुम्ही पुण्यात राहता की हैदराबादमध्ये, इंदूरमध्ये की पणजीत, यावर नियम बदलत आले. गोव्यात परवाना घेऊन कॅसिनो चालतात. तेलंगणाने २०१७ मध्येच पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. सिक्कीमने मात्र २००८ मध्ये ऑनलाइन खेळांसाठी परवाने देणारा कायदा केला.

या सगळ्यात एक कसोटी वर्षानुवर्षं चालत आली : खेळात नशीब जास्त की कौशल्य जास्त? नशिबाचा खेळ म्हणजे जुगार, कौशल्याचा खेळ म्हणजे जुगार नाही. याच कसोटीवर सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं आणि १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींनाही तोच न्याय लावला. रमीची आणि फँटसी क्रिकेटची अ‍ॅप्स ‘‘हा कौशल्याचा खेळ आहे’’ असं जाहिरातीत सांगायची ती याच आधारावर.

ऑगस्ट २०२५ मध्ये चित्र बदललं. संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. या कायद्याने कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवला. पैसे किंवा प्रवेश फी भरून, पैसे जिंकायच्या आशेने खेळला जाणारा ऑनलाइन खेळ, मग तो बुद्धीचा असो वा नशिबाचा, ‘ऑनलाइन मनी गेम’ ठरतो आणि तो चालवायला मनाई आहे. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पैशांचे व्यवहार करून देणारेही यात अडकतात. नुसता खेळणारा मात्र या कायद्याखाली गुन्हेगार नाही, त्याच्याकडे फसवला गेलेला माणूस म्हणून पाहिलं आहे. राज्यांच्या कायद्यात मात्र खेळणाऱ्यालाही शिक्षा असू शकते, हे विसरू नका.

मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ लगेच बंद केले. काहींनी कायद्याला आव्हान दिलं आणि ती प्रकरणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. सरकारचा अंदाज असा होता की अशा खेळांत देशातले सुमारे ४५ कोटी लोक वर्षाला २०,००० कोटींहून अधिक रुपये गमावत होते.

मग ट्रेडिंगला परवानगी का?

डे ट्रेडिंग म्हणजे आज घेतलेला शेअर आजच विकायचा. शेअर तुमच्या डीमॅट खात्यात मुक्कामाला येतच नाही. नफा किंवा तोटा फक्त भावातल्या फरकाचा. म्हणजे कापसाच्या आकड्यासारखंच झालं की, असं तुम्हाला वाटेल. पण कायदा इथे तीन गोष्टी बघतो.

पहिली गोष्ट, व्यवहार खरा आहे का? १८७२ च्या करार कायद्यात पैजेचा करार निरर्थक मानला आहे. पैज म्हणजे दोघांनाही माल द्यायचा-घ्यायचा नसतो, फक्त हरलेल्याने जिंकलेल्याला पैसे द्यायचे असतात. शेअर बाजारात तुम्ही सकाळी खरेदी करता तेव्हा तो शेअर खरेच घेण्याचा करार झालेला असतो. दुपारी तुम्ही विकला नाही आणि पूर्ण पैसे भरले तर तो तुमच्या खात्यात जमा होऊ शकतो. तुम्ही विकता म्हणून दोन्ही करारांची वजाबाकी होते. शेअरमागे एक कंपनी आहे, तिची मालमत्ता आहे, धंदा आहे. रमीच्या डावामागे फक्त डाव असतो.

दुसरी गोष्ट, व्यवहार कुठे होतो? १९५६ च्या रोखे करार कायद्यानुसार तो मान्यताप्राप्त शेअर बाजारातच व्हावा लागतो. फ्युचर्स आणि ऑप्शन म्हणजे एफ अँड ओ मध्ये तर बहुतेक वेळा पैशांचीच देवाणघेवाण होते. ती पैज ठरू नये म्हणून या कायद्यात खास कलम घालण्यात आलं : मान्यताप्राप्त बाजारात झालेला आणि तिथल्याच क्लिअरिंग व्यवस्थेतून मिटवलेला असा करार वैध. याचा उलटा अर्थही ध्यानात घ्या. तोच व्यवहार बाजाराबाहेर केला तर हे संरक्षण नाही.

तिसरी गोष्ट, समोर कोण आहे? जुगारात बहुतेक वेळा समोर अड्डा चालवणारा असतो आणि गणित त्याच्या बाजूने मांडलेलं असतं. शेअर बाजारात ब्रोकरची सेबीकडे नोंदणी असते, व्यवहार मिटवण्याची जबाबदारी क्लिअरिंग कॉर्पोरेशनची असते आणि झालेल्या व्यवहारांची कॉन्ट्रॅक्ट नोट २४ तासांच्या आत ग्राहकाला द्यावी लागते.

म्हणजे कायदा ‘तुम्ही हराल की जिंकाल’ हे विचारतच नाही. तो विचारतो व्यवहार कशाचा, कुठे आणि कुणाच्या देखरेखीखाली झाला. घराघरात गैरसमज होतो तो इथेच. ‘कायदेशीर आहे’ याचा अर्थ आपण ‘सुरक्षित आहे’ असा लावतो.

आकडे काय सांगतात?

बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनेच या विषयावर अभ्यास केले आहेत. २०२२-२३ या आर्थिक वर्षात शेअरमध्ये इंट्राडे व्यवहार करणाऱ्या १० पैकी ७ जणांचा तोटा झाला. ३० वर्षांखालच्यांमध्ये तोट्यात गेलेले ७६ टक्के होते. वर्षात ५०० हून जास्त व्यवहार करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ८० टक्के होतं. म्हणजे जास्त खेळून हात बसतो हा समज खोटा आहे. तोट्यात गेलेल्यांचा ब्रोकरेज आणि इतर शुल्कांवरचा खर्च त्यांच्या तोट्याच्या ५७ टक्क्यांइतका होता. म्हणजे १०० रुपये हरणाऱ्याने वर ५७ रुपये फक्त खेळायला मिळाल्याबद्दल भरले.

एफ अँड ओ मध्ये चित्र आणखी वाईट आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या ३ वर्षांत १ कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या पुढे गेला. हा आकडा मनी गेमबद्दलच्या सरकारी अंदाजाशेजारी ठेवून पाहा. जे बंद केलं त्यात वर्षाला २०,००० कोटी जात होते. जे चालू आहे त्यात ३ वर्षांत त्याच्या कितीतरी पट गेले.

मग हेही बंद का करत नाहीत? कारण बाजाराला घेणारे-विकणारे सतत हवे असतात. ते असतात म्हणूनच तुमच्या म्युच्युअल फंडाला हवे तेव्हा शेअर विकता येतात आणि व्यापाऱ्याला भावाच्या धोक्यापासून बचाव करता येतो. म्हणून सेबी बंदीऐवजी लगाम लावते. जुलै २०२३ पासून ब्रोकरच्या अ‍ॅपवर १० पैकी ९ जणांचा एफ अँड ओ मध्ये तोटा होतो अशी सूचना दाखवावी लागते. नोव्हेंबर २०२४ पासून इंडेक्सच्या कराराची किमान किंमत वाढवून १५ लाख रुपये करण्यात आली, म्हणजे छोट्या गुंतवणूकदाराने त्यात सहज उडी मारू नये.

उसन्या ताकदीचं गणितही समजून घ्या. इंट्राडेमध्ये किमान २० टक्के रक्कम आधी भरावी लागते. म्हणजे २०,००० रुपयांवर १ लाखाचे शेअर घेता येतात. शेअर फक्त २ टक्के घसरला तर तोटा २,००० रुपयांचा, म्हणजे तुमच्या खिशातल्या रकमेच्या १० टक्के. एका दुपारीत.

करात कुणाला काय सवलत?

आयकर विभाग दोन्हींकडे वेगळ्या नजरेने बघतो. ऑनलाइन खेळात जिंकलेल्या निव्वळ रकमेवर सरळ ३० टक्के कर आणि वर सेस. तुमचं बाकी उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असलं तरी हा कर चुकत नाही. त्यातला तोटा पगारातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही.

इंट्राडे शेअर व्यवहाराला मात्र कर कायदा धंद्याचं उत्पन्न मानतो. पण कोणता धंदा? ‘सट्ट्याचा’. हो, कर कायद्यातच हा शब्द या अर्थाने वापरला आहे, कारण मालाचा ताबा न घेता व्यवहार मिटवलेला असतो. त्यावर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. तोटा झाला तर तो फक्त सट्ट्याच्या नफ्यातूनच वजा होतो आणि ४ वर्षं पुढे नेता येतो. शेअर बाजारातल्या एफ अँड ओ ला मात्र सट्ट्यातून वगळलं आहे. त्याचा तोटा पगार सोडून इतर उत्पन्नातून वजा करता येतो आणि ८ वर्षं पुढे नेता येतो. अट एकच, विवरणपत्र मुदतीत भरलं पाहिजे.

नोकरदार घरांमध्ये इथेच गडबड होते. पगाराचं साधं विवरणपत्र भरून ट्रेडिंगचा उल्लेखच केला जात नाही. पण सगळे व्यवहार पॅन क्रमांकाला जोडलेले असतात, त्यामुळे नोटीस यायला वेळ लागत नाही.

पैसे अडकले तर?

खरा फरक इथे जाणवतो. समजा, बेकायदा अ‍ॅपवर कुणी ५०,००० रुपये जिंकले आणि अ‍ॅपने पैसे द्यायला नकार दिला. कोर्टात जाता येईल का? पैजेचा करारच निरर्थक, त्यामुळे वसुलीचा दावा टिकत नाही. हेच उलटही खरं आहे. जुगारातले पैसे वसूल करायला कुणी दारात येऊन धमकावत असेल तर त्याचं ते देणं कोर्ट मान्य करत नाही. घाबरून दागिने विकण्याआधी पोलिसांकडे जा.

ट्रेडिंगमध्ये ब्रोकरने चूक केली तर आधी त्याच्याकडे आणि मग सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार करता येते. पण तुमच्याकडे ब्रोकरचे पैसे निघत असतील तर तोही ते कायद्याने वसूल करू शकतो. ट्रेडिंगसाठी घेतलेलं वैयक्तिक कर्ज हेही खरंखुरं कर्जच असतं. म्हणजे कायदेशीर बाजूला हक्क जास्त आहेत, तशी जबाबदारीही जास्त आहे.

ट्रेडिंगचा मुखवटा घातलेला जुगार

सगळ्यात जास्त सावध राहायला हवं ते इथे. काही गोष्टी ट्रेडिंगसारख्या दिसतात, पण ट्रेडिंग नसतात.

डब्बा ट्रेडिंग : शेअरचे भाव खरे असतात, पण तुमची ऑर्डर बाजारात जातच नाही. दलाल स्वतःच्या वहीत लिहून ठेवतो. कागद नाही, कर नाही, मार्जिन नाही, म्हणून लोकांना ते स्वस्त वाटतं. कायद्याने हा गंभीर गुन्हा आहे. १० वर्षांपर्यंत कैद किंवा २५ कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

ओपिनियन ट्रेडिंग : ‘उद्या पाऊस पडेल का, हो की नाही’ अशा प्रश्नांवर पैसे लावायचे. स्क्रीनवर नफा, पोर्टफोलिओ, स्टॉप लॉस असे बाजारातले शब्द दिसतात. सेबीने एप्रिल २०२५ मध्ये स्पष्ट केलं की हे आपल्या अखत्यारीत येत नाही आणि इथे गुंतवणूकदाराला कोणतंही संरक्षण नाही.

परदेशी फॉरेक्स अ‍ॅप : डॉलर-युरोच्या भावावर पैसे लावायला सांगणारी अनेक अ‍ॅप्स रिझर्व्ह बँकेची परवानगी नसताना चालतात. रिझर्व्ह बँकेने अशा अ‍ॅप्सची आणि संकेतस्थळांची सावधानतेची यादीच जाहीर केली आहे.

शेअरच्या भावावर बेतलेले खेळ : खरा शेअर न घेता फक्त भाव ओळखून बक्षीस जिंकायच्या स्पर्धा. यांच्यापासूनही सेबीने लोकांना वेळोवेळी सावध केलं आहे.

ओळखायची युक्ती सोपी आहे. पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. ब्रोकरचं नाव सेबीच्या संकेतस्थळावरच्या यादीत आहे का? घेतलेली गोष्ट माझ्या डीमॅट खात्यात दिसू शकते का? व्यवहारानंतर कॉन्ट्रॅक्ट नोट येते का? एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं तर थांबा.

खातं तुमच्या नावाचं, ओटीपी कुणाकडे?

अनेक घरांत बायकोच्या किंवा आईच्या नावाने डीमॅट खातं उघडलं जातं आणि ट्रेडिंग दुसरंच कुणी करतं. ‘‘तुझी फक्त सही हवी,’’ असं सांगितलं जातं. पण कायद्याच्या नजरेत प्रत्येक व्यवहार खातेदाराचा असतो. तोटा, ब्रोकरचं देणं आणि आयकराची नोटीस तुमच्या पॅनवर येते. नवऱ्याने दिलेल्या पैशांवर नफा झाला तर तो त्याच्या उत्पन्नात धरला जाऊ शकतो, पण प्रश्नांची उत्तरं तुम्हालाही द्यावी लागतात. म्हणून खात्याला मोबाइल क्रमांक आणि ईमेल तुमचाच असू द्या. ओटीपी कुणालाही देऊ नका, घरातल्या माणसालाही नाही. कॉन्ट्रॅक्ट नोट उघडून वाचा. नको असेल तर ‘‘माझ्या नावाने नको’’ असं सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

घरात कुणी केंद्र सरकारी नोकरीत असेल तर आणखी एक नियम पाहा. केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार कर्मचाऱ्याला शेअरमध्ये सट्टा करायला मनाई आहे आणि वारंवार खरेदी-विक्री करणं हा सट्टाच मानला जातो. अधूनमधून केलेली गुंतवणूक चालते. म्हणजे इतरांसाठी जे कायदेशीर आहे ते डे ट्रेडिंग त्यांच्यासाठी शिस्तभंग ठरू शकतं.

कॉलेजात जाणारी मुलं मित्रांना एखाद्या गेमिंग अ‍ॅपची लिंक पाठवून बोनस मिळवत असतील तर त्यांनाही समजावा. मनी गेमचा प्रचार करणं हा गुन्हा आहे आणि ‘‘मी तर फक्त लिंक पाठवली’’ हे सांगणं पुरेसं ठरेलच असं नाही.

सवय कधी लागली हे कसं कळेल?

शरीर आणि मन कायद्याचं पुस्तक वाचत नाही. हरलेले पैसे परत मिळवायला लगेच पुढचा डाव लावायचा, रक्कम वाढवत न्यायची, घरच्यांपासून लपवायचं, उसनवारी सुरू करायची, बाजार बंद असला की चिडचिड करायची. ही लक्षणं रमीत दिसतात तशीच ऑप्शनमध्येही दिसतात. फरक एवढाच की ट्रेडिंग करणाऱ्याला ‘‘मी तर मार्केटचा अभ्यास करतोय’’ असं म्हणता येतं आणि घरचेही विश्वास ठेवतात.

असं काही दिसलं तर ओरडण्याने काम होणार नाही. शांतपणे बसून गेल्या वर्षभराचा पूर्ण हिशोब मागा. नुसते नफ्याचे स्क्रीनशॉट नकोत, ब्रोकरकडून मिळणारा वर्षाचा नफा-तोटा अहवाल बघा. घरखर्च, मुलांची फी आणि औषधपाण्याचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्या खात्याचा यूपीआय ट्रेडिंग अ‍ॅपला जोडू नका. मनावर ताण वाटत असेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. फसवणूक झाली असेल तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा, जितक्या लवकर तक्रार तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

ज्याला खरोखर शेअर बाजारात पैसे वाढवायचे आहेत त्याला डे ट्रेडिंगची गरजही नाही. चांगल्या कंपनीचा शेअर किंवा म्युच्युअल फंड घेऊन वर्षानुवर्षं थांबणं हाही त्याच कायद्याने दिलेला रस्ता आहे आणि त्यात रोज पडद्यासमोर बसावं लागत नाही. तिथेही चढउतार असतात, पण दुपारी तीनची घाई नसते.

कायद्याचं काम व्यवहाराला जागा आणि नियम देण्याचं आहे. तुमच्या घरातली कोणती रक्कम गेली तरी चालेल आणि कोणती अजिबात चालणार नाही, हे कायदा ठरवत नाही. ती रेघ तुम्हालाच, घरातल्या सगळ्यांना समोर बसवून ओढावी लागेल. आणि ती आजच ओढलेली बरी.